क्यूजीआयएस: क्षेत्रभेटीच्या आकड्यांना कितपत पुरतं?

भूगोलाच्या क्षेत्रभेटीत आकडे गोळा करणं हा तसा सोपा भाग. ठाण्यात जांभळी नाक्यावर पाच-पाच मिनिटं पादचारी मोजा, गोखले रोडवरच्या दुकानांची नोंद करा, येऊरच्या चढावर तापमान घ्या. दिवसाअखेर वही भरते. खरी गाडी अडते ती नंतर. भरलेली वही, प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि मोबाइलमध्ये साठवलेली ठिकाणं समोर असतात, आणि अहवालात शेवटी उतरतात ती तीच दोन-तीन रंगीत वर्तुळं: होय इतके टक्के, नाही इतके टक्के. कुठे होय आणि कुठे नाही, हा भूगोलाचा प्रश्न तसाच राहतो.

त्या ‘कुठे’साठी क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आज मिळणारं सगळ्यात कामाचं साधन आहे आणि ते फुकट आहे. गुण द्यायचे तर नकाशांना पाचपैकी साडेचार, विश्लेषणाला तीन, आलेखांना दोन. विश्लेषणाचे गुण का कापले, ते पुढे सविस्तर येतंच. थोडक्यात, हे सॉफ्टवेअर चुकीच्या आकड्यांचाही देखणा नकाशा काढून देतं आणि हूं की चूं करत नाही.

आधी मांडणी. क्यूजीआयएसचं काम २००२ मध्ये सुरू झालं, १.० आवृत्ती २००९ ची आणि ३ क्रमांकाची मालिका २०१८ पासूनची. संकेतस्थळावर दोन आवृत्त्या दिसतात: अगदी ताजी आणि ‘लाँग टर्म रिलीज’, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहणारी. कॉलेजच्या कामाला दुसरीच घ्यावी. विंडोजसाठीची फाइल एक जीबीहून मोठी आहे, त्यामुळे मोबाइलच्या डेटावर उतरवायच्या भानगडीत पडू नका. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, पण पार्श्वभूमीला उपग्रहचित्र लावलं की धापा टाकतं. ८ जीबीवर कुरकुर नाही.

मैदानात नोंद घेण्यासाठी याचंच मोबाइलवरचं भावंड आहे, क्यूफील्ड. त्याचा फॉर्म मात्र आधी संगणकावर बनवावा लागतो. ते अर्ध्या तासाचं काम टाळणारे पुढे दोन दिवस घालवतात, कारण मोकळ्या रकान्यात दहा मुलं ‘कळवा’ पाच तऱ्हांनी लिहितात: मागे एक रिकामी जागा सोडून, इंग्रजीत, ‘कळवा पूर्व’, ‘कळवा नाका’. सॉफ्टवेअरच्या लेखी ही पाच वेगळी गावं. फॉर्ममध्ये त्या रकान्याला ‘व्हॅल्यू मॅप’ हा प्रकार दिला की ठरलेल्या यादीतून निवडावंच लागतं आणि प्रश्न मिटतो. क्यूफील्डमध्ये अचूकतेची मर्यादाही लावता येते. उघड्यावर मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत मात्र संदेश भिंतींवर आपटून येतो आणि दुकान समोरच्या फुटपाथवर जाऊन बसतं. अशा ठिकाणी जीपीएसवर विसंबू नये. पार्श्वभूमीच्या नकाशावर बोटाने ठिकाण ठरवावं.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी चार खाचखळगे, जे इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा एकत्र सापडत नाहीत.

एक, अंक. तक्त्यात ‘७२.९७’ असं देवनागरीत टाइप केलं तर क्यूजीआयएस त्याला संख्या मानत नाही, मजकूर मानतं. अक्षांश-रेखांश आणि मोजमापं इंग्रजी अंकांतच भरा. दोन, एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करताना यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा; साधा सीएसव्ही घेतलात की सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदलतं आणि ती फाइल परत दुरुस्त होत नाही. तीन, शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवायचा जुना प्रकार. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून तीन चिन्हं, की संपलं! ‘लोकसंख्या’ आणि ‘लोकल’ हे दोन रकाने तिथे ‘लोक’मध्येच अडकतात, कारण ल, ओकार आणि क इथेच ९ बाइट भरतात. जिओपॅकेज या प्रकारात साठवलं तर ही कटकट नाही. चार, पीडीएफ काढताना ‘टेक्स्ट ॲज पाथ्स’ हा पर्याय ठेवा, म्हणजे अक्षरं आकृती म्हणून जातात आणि दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटत नाहीत.

आता ठिकाणं नकाशावर आणणं. ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’मध्ये एक्सला रेखांश, वायला अक्षांश. उलट झालं तर ठाण्याची दुकानं नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात. नकाशा कोरा दिसला की आधी तिकडे पाहावं. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथूनच निघतात. जीपीएसचे आकडे अंशांत असतात. अंशांवर अंतर आणि क्षेत्रफळ मोजता येत नाही. ‘रिप्रोजेक्ट लेयर’ वापरून थर (लेयर) यूटीएम या मीटरवर चालणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या विभाग ४३ उत्तरमध्ये, म्हणजे यादीतल्या ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकात न्यायचा. ठाणे, नवी मुंबई दोन्ही त्यात बसतात. मग सगळी मापं मीटरमध्ये येतात. हे न करता ‘स्टेशनपासून ५००’ असा बफर, म्हणजे ठरावीक अंतराचा वेढा, काढला तर सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं आणि अख्खी पृथ्वी झाकून टाकतं. तेही एक बरंच, कारण ती चूक निदान डोळ्यांना दिसते.

न दिसणाऱ्या चुका क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे विभागवार फिक्या-गडद छटा देणाऱ्या नकाशात, होतात. ठाणे महापालिकेच्या प्रभागांची लोकसंख्या घेतली, ‘ग्रॅज्युएटेड’ निवडलं, पाच वर्ग केले की नकाशा तयार. पण त्यात नुसती लोकसंख्या रंगवली असेल तर मोठा प्रभाग गडद दिसणारच. क्षेत्रघनी पद्धतीला घनता, टक्केवारी, दर असंच काहीतरी लागतं. नुसत्या संख्येसाठी प्रमाणबद्ध वर्तुळं आहेत. आणि घनता काढली तरी ठाण्यात एक पेच उरतोच. घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरं. माणसं राहतात मधल्या पट्ट्यात, चाळीस-चाळीस मजल्यांवर. लोकसंख्येला सगळ्या क्षेत्रफळाने भागलं की हा भाग नौपाड्यापेक्षा कितीतरी विरळ ठरतो. उपाय सोपा आहे: जंगल, खाडी आणि कांदळवन यांचे बहुभुज वेगळ्या थरावर काढा, ‘डिफरन्स’ने प्रभागांतून वजा करा, उरलेल्या जागेचं क्षेत्रफळ फील्ड कॅल्क्युलेटरने काढा आणि मग भागा. नवी मुंबईत पारसिकच्या टेकडीसाठी आणि खाडीकाठासाठी हेच. एका तासाचं काम, पण नकाशा पूर्ण बदलतो. विद्यार्थ्याने दोन्ही नकाशे शेजारी छापले तर विश्लेषण म्हणून लिहायला तिथेच दोन पानं मिळतात.

जिल्ह्याच्या पातळीवर सापळा वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे १,१०,६०,१४८ लोकांचा, ९,५५८ चौरस किलोमीटरचा; घनता १,१५७. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. आता नव्या हद्दींची फाइल उतरवून तिला जनगणनेचा तक्ता नावाने जोडला, तर दोन्हीकडे ‘ठाणे’ जुळतं आणि जोडणी विनातक्रार होते. लोकसंख्या जुनी, क्षेत्रफळ नवं ४,२१४. घनता २,६०० च्या पुढे. असे अहवाल छापूनही येतात. तालुक्यांची आकडेवारी घेऊन बेरीज नव्याने करणं हाच मार्ग.

वर्ग कसे पाडायचे, यावर एवढंच: ‘इक्वल काउंट’ प्रत्येक रंगात सारखेच प्रभाग कोंबतं, त्यामुळे किरकोळ फरकही ठळक दिसतो. ‘नॅचरल ब्रेक्स’ एकाच नकाशासाठी उत्तम. दोन वर्षांचे किंवा दोन शहरांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर वर्गमर्यादा हाताने, दोन्हींत सारख्याच भरा. नाहीतर तोच रंग दोन नकाशांत दोन अर्थ सांगतो.

आता ज्याच्यामुळे विश्लेषणाचे गुण कापले ते. बाजारपेठेच्या अभ्यासात ‘सराफांची दुकानं एकवटलेली आहेत की विखुरलेली’ असा प्रश्न हमखास असतो. त्यासाठी ‘निअरेस्ट नेबर ॲनालिसिस’ हे साधन आहे. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: दर दुकानाचं जवळच्या दुकानापर्यंतचं सरासरी अंतर, गुणिले दोन, गुणिले दुकानांची संख्या भागिले क्षेत्रफळ याचं वर्गमूळ. उत्तर ० म्हणजे पूर्ण एकवटलेलं, १ म्हणजे यादृच्छिक, २.१५ म्हणजे कमालीचं नियमित. बटण दाबलं की निर्देशांक, झेड मूल्य, सगळं मिळतं. पण क्षेत्रफळ कुठलं घेतलं? ते विचारायला तिथे रकानाच नाही. क्यूजीआयएस सगळे बिंदू ज्या उत्तर-दक्षिण आयतात बसतात त्या आयताचं क्षेत्रफळ घेतं.

याने काय होतं ते पाहा. समजा २५ दुकानं आहेत, सरासरी अंतर ४० मीटर आणि बाजाराचं खरं क्षेत्र २,५०,००० चौरस मीटर. २५ भागिले २,५०,००० याचं वर्गमूळ ०.०१, निर्देशांक ०.८. यादृच्छिकपणापासून फार लांब नाही. आता बाजाराचा रस्ता नकाशावर तिरका असेल तर भोवतालचा आयत सहज दुप्पट, ५,००,००० चौरस मीटरचा होतो. दुकानं तीच, अंतरं तीच, निर्देशांक ०.५७. अहवालात लगेच ‘ठळक एकवटलेपण’ असं वाक्य येतं, आणि ते दुकानांमुळे आलेलं नसून रस्त्याच्या कोनामुळे आलेलं असतं. थर अंशांतच राहिला असेल तर आणखी कहर: अंतर मीटरमध्ये आणि क्षेत्र चौरस अंशांत, निर्देशांक हजारोंत जातो.

म्हणून या साधनातून फक्त ‘ऑब्झर्व्ड मीन डिस्टन्स’ उचलावं. अभ्यासक्षेत्राची हद्द स्वतः बहुभुज म्हणून काढून तिचं क्षेत्रफळ घ्यावं आणि सूत्र वहीत सोडवावं. हद्द कुठे आखली, का आखली, हे एका वाक्यात लिहावं. परीक्षक नेमकं तेच विचारतात. तीसपेक्षा कमी बिंदू असतील तर योगायोगाची शक्यता जास्त असते, हेही नमूद करावं. आणि सगळी दुकानं एकाच रस्त्यावर ओळीने असतील तर हे सूत्र लावूच नये. ते पसरलेल्या क्षेत्रासाठी आहे, रेषेसाठी नाही.

सूक्ष्म हवामानाच्या अभ्यासात, म्हणजे स्टेशन परिसर ते उपवन ते येऊर असा तापमानाचा छेद, सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी आकडे सुधारावे लागतात. चालत जाताना जागा बदलते तशी वेळही सरकते. सकाळी १० ला सुरुवातीच्या ठिकाणी २८.० अंश आणि ११.३० ला परत त्याच ठिकाणी ३०.४ असेल, तर ९० मिनिटांत २.४ अंश नुसत्या उन्हाने वाढले. ४५ व्या मिनिटाला घेतलेल्या नोंदीतून १.२ वजा करायचे, त्याच प्रमाणात बाकीच्यांतून. ही दुरुस्ती न करता काढलेल्या नकाशात शेवटी गाठलेली जागा नेहमी गरम निघते, मग ती कुठलीही असो. तापमापक सावलीत, छातीच्या उंचीवर आणि आकडा स्थिरावेपर्यंत दोन मिनिटं धरलेला हवा.

मग समघनी नकाशा, म्हणजे सारख्या मूल्याच्या जागा रेषांनी जोडणारा. ‘आयडीडब्ल्यू इंटरपोलेशन’ला (मोजलेल्या बिंदूंवरून मधल्या जागांचे आकडे अंदाजणाऱ्या पद्धतीला) बारा बिंदू दिले की ते प्रत्येक बिंदूभोवती गोल गोल डोळे काढतं. ते डोळे हवामानाचे नसतात, पद्धतीचे असतात. पंचवीस-तीस बिंदू, तेही चहूकडे पसरलेले, असतील तरच ही पद्धत वापरावी. एका रस्त्याच्या छेदासाठी साधा रेषालेख जास्त खरं बोलतो: आडव्या अक्षावर स्टेशनपासूनचं अंतर, उभ्यावर सुधारलेलं तापमान, वर जमिनीच्या वापराची पट्टी. याच छेदाखाली उंचीही दाखवायची तर ३.२६ पासून ‘एलेव्हेशन प्रोफाइल’ आत बसवलेलं आहे. पण एसआरटीएमसारखी, अवकाशातून रडारने मोजलेली, ३० मीटरच्या चौकोनांची फुकट उंचीसामग्री झाडांचे शेंडे आणि इमारतींची गच्चीही थोडीफार मोजते, त्यामुळे सपाट वस्तीत पाच-दहा मीटरच्या उंचवट्यांवर सिद्धान्त बांधू नयेत.

ग्राहक कुठून येतात हे दाखवायला ‘जॉइन बाय लाइन्स’ हे साधन फार छान आहे. बाजार एका थरात, गावांचे मध्यबिंदू दुसऱ्यात, दोन्हींत सामाईक ओळखक्रमांक. रेषा आपोआप निघतात. डोंबिवलीहून आलेले वीस जण एकाच रेषेवर एकमेकांखाली लपतात, म्हणून आधी गावनिहाय बेरीज करून रेषेची जाडी तिच्यावर ठरवावी. प्रश्नावलीत ‘कुठून आलात?’ असं विचारू नये. लोक ऑफिसचं नाव सांगतात. ‘घर कुठे?’ विचारा.

वर्तुळांचा आकार ठरवताना ‘साइझ असिस्टंट’मध्ये ‘सरफेस’ ठेवा. मूल्य चौपट तर त्रिज्या दुप्पट, असा हिशेब तिथे होतो. ‘रेडियस’ ठेवलं तर चौपट पादचाऱ्यांचं वर्तुळ सोळापट जागा खातं, आणि सगळं ठाणे स्टेशनवरच उभं आहे असं वाटतं. (सकाळी साडेआठला ते खरंही असतं, पण नकाशाने ते मोजून सांगावं.)

सहसंबंधासाठी क्यूजीआयएसकडे जाऊच नका. लिब्रेऑफिस किंवा एक्सेल पुरतं. स्टेशनपासूनचं अंतर आणि पादचारी संख्या यांचा स्पिअरमनचा क्रमांक सहसंबंध (दोन क्रमवारी किती जुळतात याचं माप) हा क्षेत्रभेटीतला सगळ्यात रुळलेला हिशेब. अंतर मात्र सरळ रेषेतलं नको, चालण्याच्या वाटेचं हवं. रुळांच्या पलीकडची जागा नकाशात २०० मीटरवर असते आणि पायी पुलावरून तिप्पट पडते. एका स्तंभात ‘सगळ्यात जवळचं’ पहिलं आणि दुसऱ्या स्तंभात ‘सगळ्यात जास्त गर्दी’ पहिली असे उलटसुलट क्रम दिले की चिन्ह फिरतं. दोन्ही स्तंभांत मोठ्याकडून लहानाकडेच क्रम द्या. दहा ठिकाणं आणि क्रमांकफरकांच्या वर्गांची बेरीज ३०८ असेल तर १ वजा १,८४८ (६ गुणिले ३०८) भागिले ९९० (१० गुणिले ९९), म्हणजे उणे ०.८७. दहा जोड्यांसाठी ५ टक्के सार्थकता पातळीवर द्विपुच्छी मर्यादा ०.६४८, आपलं उत्तर, चिन्ह सोडून, त्यापुढे आहे, म्हणजे ‘दोन्हींत संबंध नाही’ हे शून्य गृहीतक फेटाळता येतं. समान मूल्यं बरीच असतील तर हे छोटं सूत्र चुकतं. तिथे समान क्रमांकांची सरासरी घेऊन त्या क्रमांकांवर सरळ ‘कोरेल’ फंक्शन चालवावं. आणि विखुरण आलेख आधी काढावा, कारण एखादं ठिकाण, बहुधा मॉलचं दार, सगळ्या रांगेपासून फटकून असतं. त्या एका बिंदूबद्दल लिहिलेला परिच्छेद गुणकापेक्षा मोलाचा.

आलेखांत क्यूजीआयएस लंगडं आहे. ‘डेटा प्लॉटली’ हे प्लगिन टाकलं तर विखुरण, पेटी आणि त्रिकोणी आलेख मिळतात, पण त्यांची छपाई ओबडधोबड. ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठच्या छेदासाठी लागणारा पतंगाकृती आलेख तर कुठेच तयार मिळत नाही. तो तक्त्यात असा जमवायचा: वनस्पतीच्या प्रत्येक जातीच्या आच्छादनाची टक्केवारी अर्धी करा, एका स्तंभात ती धन, दुसऱ्यात ऋण लिहा आणि क्षेत्र आलेख निवडा, वर-खाली सारखा फुगलेला पतंग मिळतो. नोंदीचे चौरस ठरावीक अंतरावरच घेतलेले हवेत. क्षेत्र आलेख आडवा अक्ष समान घरांचा धरतो, त्यामुळे ५, १०, २५ मीटर असे अडनिडे टप्पे असतील तर आकार खोटा येतो. तशा वेळी आलेखकागद आणि पेन्सिल बरी.

शेवटचं, छपाई. ‘प्रिंट लेआउट’मध्ये शीर्षक, सूची, उत्तर दिशा, प्रमाण हे सगळं ओढून ठेवता येतं, ओपनस्ट्रीटमॅपची पार्श्वभूमी वापरली असेल तर कोपऱ्यात श्रेयनिर्देश द्यावाच लागतो. अहवालाच्या प्रती झेरॉक्सवर निघणार असतील तर लाल-हिरवी रंगपट्टी टाळा, काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकच राखाडी होतात; एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा घ्या. आणि १:१०,००० असं अंकप्रमाण एकटं लिहू नका. दुकानदाराने ‘फिट टू पेज’ केलं की ते चुकतं. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच लहान-मोठं होतं, म्हणून ते टाका आणि त्याखाली आकडे मीटरमध्ये द्या.